भट्टीला काय मानवतें?

पोलादाच्या अवजाराची पारख त्याच्या चकाकीवरून होत नाहीं. जाणता शेतकरी पातें नखानें वाजवून पाहतो आणि विचारतो, "पाणी कसें दिलें आहे?" आपल्या भाषेंतील हा शब्दप्रयोग मोठा मार्मिक आहे. पोलाद लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें म्हणजे तें कठीण होतें. परंतु त्याबरोबर ठिसूळही होतें. त्याला पुन्हा बेताची ऊब दिली म्हणजे ठिसूळपणा उतरतो आणि चिवटपणा येतो. विळ्याची धार, कुऱ्हाडीचें पातें, नांगराचा फाळ, घड्याळाची कमान आणि मोटारींतील दंतचक्रें, या सर्वांचें आयुष्य या दोन क्रियांवर अवलंबून असतें. पोलादाची ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. ज्या भट्टींत ही क्रिया घडते तिची हकीकत मात्र क्वचितच कोणी विचारतो. पोलाद भट्टींत घटकाभर राहतें. भट्टीला तोच ताप जन्मभर सोसावयाचा असतो. अशी भट्टी कोणत्या पदार्थांची बांधावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

लातूर जिल्ह्यांतील देवणी हें गांव कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा धिप्पाड देवणी बैल ज्या मुलखाचें नांव देशभर घेऊन गेला, तोच हा मुलूख. येथील काळ्या जमिनीला उन्हाळ्यांत भेगा पडतात आणि वाळलेलें ढेकूळ दगडाशीं स्पर्धा करतें. अशा जमिनींत मऊ फाळ बोथट होतो आणि ठिसूळ फाळ मोडतो. पूर्वी बैलाच्या नांगराचा फाळ आणि वखराची पास गांवच्या लोहाराच्या भात्यापुढें तापत असे. आतां ट्रॅक्टर आला, त्याबरोबर कल्टिव्हेटरचे फाळ आणि रोटाव्हेटरचीं पातीं आलीं. हा माल बहुतेक दूरच्या कारखान्यांतून पाणी देऊन येतो. एखाद्या कारागिरानें कर्ज काढून गांवींच लहानशी विजेची भट्टी उभारण्याचें मनांत आणलें, तर त्यांत अशक्य असें कांहीं नाहीं. परंतु वीट चुकली, तार चुकली, किंवा नुसता सांधा भरण्याचा चुना चुकला, तर भट्टी एका हंगामांत ढासळते आणि कर्ज मात्र उभें राहतें. म्हणून हा विषय केवळ मोठ्या कारखानदारांचा नाहीं.

प्रथम ताप किती लागतो तें पाहूं. पोलाद सुमारें ७२७ अंश सेंटिग्रेडवर गेलें म्हणजे त्याची अंतर्रचना बदलूं लागते. ज्या पोलादाच्या शंभर भागांत सुमारें अर्धा भाग कर्ब असतो, त्याला पाणी देण्यापूर्वीं ८२० ते ८७० अंशांपर्यंत तापवावें लागतें. तापलेल्या धातूला आकार देणाऱ्या साच्यांच्या पोलादाला हजार अंशांच्या किंचित् वर जावें लागतें. न गंजणारें पोलाद नरम करावयाचें तर १०५० अंशांच्या आसपास. लेथवर धातु कापणाऱ्या, हायस्पीड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोलादाला १२०० ते १२९० अंशांचा ताप द्यावा लागतो. म्हणजे पाणी देण्याची भट्टी अशी एकच नसते. नऊशें अंशांची भट्टी आणि साडेबाराशें अंशांची भट्टी यांत बैलगाडी आणि आगगाडी यांच्याइतकें अंतर आहे. पहिल्या भट्टींत सुखानें नांदणारा पदार्थ दुसरींत पाझरूं लागतो.

आतां गांवांतील वस्तूंकडे पाहूं. देवणीच्या परिसरांत काळी माती विपुल, काळा दगड विपुल, आणि बीदरच्या पठाराकडे जांभा दगड विपुल. या तिहींपैकीं एकही वस्तु अशा भट्टीच्या आंतल्या अंगास चालत नाहीं. काळी माती ओली असतां फुगते आणि वाळतां आकसते. म्हणून भट्टी पेटण्यापूर्वींच तिला भेगा पडतात. शिवाय तींत चुना आणि लोह असतें. सोनार मुशींत टांकणखार टाकून मळ लवकर वितळवितो. चुना आणि लोह हीं मातींत तेंच काम करतात व तिला लवकर पातळ करतात. आपला काळा दगड म्हणजे पूर्वी ज्वालामुखींतून वाहिलेला रस. तो एकदां वितळलेलाच होता आणि अकराशें ते बाराशें अंशांच्या सुमारास पुन्हा वितळूं लागतो. तत्पूर्वीं तडकून उडतो तो धोका वेगळाच. जांभ्यांत लोहाचा अंश इतका असतो कीं, तोही भट्टीच्या उपयोगी नाहीं. जी वस्तु किल्ल्याच्या तटाला शोभली, ती भट्टीच्या भिंतीला शोभेल असें नाहीं.

तथापि साध्या मातींतून असाध्य ताप सोसणारी वस्तु करणारे कारागीर या प्रदेशापासून फार दूर नव्हते. देवणीच्या पूर्वेस, आज तेलंगणांत असलेल्या निझामाबाद जिल्ह्यांत कोनासमुद्रम् नांवाचें खेडें आहे. देवणी आणि कोनासमुद्रम् हीं दोन्ही गांवें १९४८ पर्यंत एकाच निझामी राज्यांत होतीं. तेथें मुशींत लोखंड वितळवून पोलाद करीत. हें पोलाद इराणांतील व्यापारी घेऊन जात आणि त्याच्या तलवारी होत. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारे भूस्तरशास्त्रज्ञ व वैद्य हेन्री व्हॉयसी यांनीं या कामाचें वर्णन लिहून ठेविलें होतें. १८२४ सालीं त्यांचा मृत्यु झाला आणि तें वर्णन १८३२ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. पुढें एकोणिसाव्या शतकांत विलायती पोलाद आलें आणि हा धंदा मावळला.

या मुशींचे जे तुकडे उरले त्यांची तपासणी विसाव्या शतकाच्या अखेरीस थेल्मा लो या विदुषीनें केली. त्या मातींत भाताचें तूस भरपूर मिसळलेलें आढळलें. तुसांत दोन गुण असतात. एक म्हणजे त्याची राख मुख्यत्वें सिलिकाची, म्हणजे शुद्ध वाळूच्या द्रव्याची, असते. दुसरा गुण असा कीं, हवा न लागतां तापल्यास तूस जळून नाहींसें होत नाहीं. त्याचा कोळसा होऊन तो मातींत टिकून राहतो. सिलिकानें अंगाला आधार दिला आणि कोळशानें आंतील प्राणवायु शोषून पोलादाचें रक्षण केलें. मातीमधील अॅल्युमिना व सिलिका एकत्र येऊन त्या तापांत म्युलाइट नांवाचे सुईसारखे स्फटिकही तयार झाले. सुमारें १८४० अंशांपर्यंत दम धरणारा हा पदार्थ आजच्या उत्तम भट्टीविटांचाही कणा आहे. कोनासमुद्रमच्या कारागिरांना म्युलाइट हें नांव माहीत असण्याचें कारण नव्हतें. परंतु मूस केवळ ताप सोसणारी असून भागत नाहीं, तिच्या पोटांत काय आहे आणि बाहेर काय आहे याचाही विचार करावा लागतो, हें त्यांच्या हातांना ठाऊक होतें.

भट्टीचा पदार्थ निवडण्याचें मर्म हेंच आहे. अमुक पदार्थ किती अंशांवर वितळतो, एवढेंच विचारून थांबणारा मनुष्य हटकून फसतो. प्रत्येक पदार्थाला चार प्रश्न विचारावेत. त्याला ताप किती? त्या तापांत त्याच्यावर भार किती? तो दिवसांतून किती वेळां तापणार व किती वेळां निवणार? आणि त्याला संगत कोणाची? यांपैकीं चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून सर्वांत अधिक विसरला जातो. या चार प्रश्नांच्या कसोटीवर भट्टीचें एक एक अंग आतां घासून पाहूं.

भिंतीपासून आरंभ करूं. हजार-अकराशें अंशांच्या भट्टीला अग्निमृत्तिकेची, म्हणजे बाजारांत जिला फायरक्ले म्हणतात तिची, चांगली वीट पुरते. हिच्यांत अॅल्युमिना साधारणतः शेंकडा २५ ते ४५ भाग असतो. हा अंश जितका अधिक आणि लोह व क्षार जितके कमी, तितकी वीट अधिक टिकाऊ. याहून अधिक ताप हवा असल्यास कायनाइट किंवा सिलिमनाइट यांपासून केलेली उच्च अॅल्युमिनाची वीट घ्यावी. हीं दोन्ही खनिजें आपल्या भंडारा जिल्ह्यांत सांपडतात. दोहोंचें रासायनिक घटन एकच. परंतु स्वभाव भिन्न. कायनाइट प्रखर तापांत म्युलाइट होतांना बराच फुगतो. म्हणून विटेसाठीं वापरण्यापूर्वीं त्याला भाजून घेतात आणि फुगण्याचा हा हट्ट आधींच पुरवून टाकतात. सिलिमनाइट फारसा फुगत नाहीं, म्हणून त्याला हा उपचार लागत नाहीं.

येथें एक मोह सांभाळावा लागतो. सिलिकाची वीट १६०० अंशांवरही भार घेऊन ताठ उभी राहते. हें ऐकून ती पाणी देण्याच्या भट्टीला घेणें म्हणजे चूक होय. सिलिकाचे स्फटिक तीनशें अंशांच्या आंत एकाएकीं रूप पालटतात व वीट फुगते. निवतांना उलट आकसते. जी भट्टी महिनोन् महिने पेटलेली राहते, तिला ही वीट मानवते, कारण सातशें अंशांच्या वर ती शांत असते. जी भट्टी सकाळीं पेटते आणि संध्याकाळीं विझते, तिच्या भिंतींत हीच वीट थोड्याच दिवसांत चिरफळते. वितळणबिंदूचा आंकडा तिच्या बाजूनें होता. तिसरा प्रश्न मात्र विचारलाच गेला नव्हता.

सांध्याचीही हीच गोष्ट. गांवचा गवंडी सवयीनें घरबांधणीचें सिमेंट कालवतो. त्या सिमेंटमधील जलयुक्त चुना चारशें-पांचशें अंशांच्या सुमारास आपलें पाणी सोडून देतो व सांधा दुबळा होतो. भट्टी विझल्यावर हवेंतील ओल घेऊन तोच चुना पुन्हा फुगतो आणि भिंतीला आंतून पाचर मारतो. म्हणून विटा ज्या जातीच्या, त्याच जातीच्या अग्निमृत्तिकेचा पातळ लेप सांध्यांत द्यावा. सांधा दोन-तीन मिलिमीटरांहून जाड असूं नये. विटेपेक्षां सांधा नेहमींच अशक्त असतो. ओतीव अस्तर करावयाचें असल्यास अॅल्युमिनायुक्त निराळें सिमेंट मिळतें, तें वापरावें. आणि नवी भट्टी प्रथम पेटवितांना घाई करूं नये. अस्तरांतील पाण्याची वाफ कोंडली तर अस्तराच्या चिरफाळ्या उडतात. शंभर अंशांच्या थोडें वर बराच वेळ थांबावें, ओल पूर्ण जाऊं द्यावी, आणि मग तासाला पन्नास अंश अशा धिम्या गतीनें वर जावें.

दणकट वीट ताप सोसते, परंतु तो अडवीत नाहीं. ती स्वतः उष्णता पिते आणि बाहेर टाकते. म्हणून तिच्यामागें सच्छिद्र, हलकी, उष्णता अडविणारी वीट लावतात. तिच्यांतून उष्णता साध्या विटेच्या मानानें चौथ्या-पांचव्या हिश्शाइतकीच जाते. लहान विजेच्या भट्टींत, जेथें राख किंवा मळ उडत नाहीं, तेथें ही हलकी वीट आंतल्या अंगासही चालते. तिच्या १२६० अंशांच्या, १४३० अंशांच्या अशा ठराविक प्रती मिळतात. भट्टीच्या तापाहून वरची प्रत घेणें शहाणपणाचें. मात्र जुन्या भट्टीची आंच बाहेर फार लागते म्हणून कोणी तिच्या बाहेरून जाड आवरण चढवील, तर त्याचा परिणाम ध्यानांत घ्यावा. पूर्वी त्या विटेचें पुढलें तोंडच तापत होतें आणि पाठ थंड राहून भार घेत होती. आतां सबंध वीट तापते व कमान बसण्याचा संभव उत्पन्न होतो. उष्णता वाचवावी, पण विटेची पाठ मोडून नव्हे.

अलीकडे सिरॅमिक तंतूंची, कापसाच्या गादीसारखी दिसणारी आवरणें निघालीं आहेत. तीं वजनानें हलकीं असतात, उष्णता थोडी पितात आणि भट्टी लवकर तापते. एकाएकीं तापण्या-निवण्याचें त्यांना भय नाहीं. परंतु तीं घासलीं गेलीं म्हणजे झिजतात, प्रखर तापांत कालांतरानें आकसतात, आणि त्यांची बारीक धूळ फुफ्फुसांना अपायकारक आहे. कर्करोगासंबंधीं संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें या तंतूंची गणना मनुष्यास कर्करोग होण्याचा संभव असलेल्या पदार्थांत केली आहे. जुनें अस्तर काढतांना ही धूळ अधिक धोक्याची असते. म्हणून नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधल्याशिवाय आणि धूळ ओली केल्याशिवाय त्याला हात लावूं नये. अस्बेस्टॉसचा दोर किंवा पत्रा तर दारालाही वापरूं नये; त्यापासून होणारे रोग निर्विवाद सिद्ध झालेले आहेत. स्वस्त मालाच्या किमतींत कारागिराचें आयुष्य मोजलें जातां कामा नये.

आतां भट्टीची जमीन, म्हणजे तिचा तळ. येथें संगतीचा प्रश्न सर्वांत तीव्रपणें उभा राहतो. हवेंत तापलेल्या पोलादावर काळी खपली धरते. हा लोहाचा ऑक्साइड होय. ही खपली गळून तळाच्या विटेवर पडते. लोहाचा ऑक्साइड आणि विटेंतील सिलिका हे दोघे वेगवेगळे असतां बाराशें अंशांवर घट्ट राहतात. परंतु हवा कमी असलेल्या तापांत ते एकत्र आले म्हणजे जो पदार्थ बनतो, तो बाराशें अंशांच्या सुमारास पाण्यासारखा वितळतो. भिंत शाबूत आणि तळाला खळगे, असें दृश्य अनेक भट्ट्यांत दिसतें त्याचें कारण हें. यास्तव तळाला उच्च अॅल्युमिनाची वीट किंवा सिलिकॉन कार्बाइडची लादी घालतात. ही लादी भार चांगला घेते आणि उष्णता सहज जाऊं देते. खपली वेळोवेळीं झाडून काढणें हा तर बिनखर्चाचा उपाय. झाडू हाही भट्टीच्या साहित्यांतच गणला पाहिजे.

भट्टीचा जीव म्हणजे तिची तापणारी तार. शंभरांत सुमारें ऐंशीं भाग निकल आणि वीस भाग क्रोमियम अशी निक्रोमची तार १९०६ सालीं अमेरिकेंत आल्बर्ट मार्श यांनीं पुढें आणली. तापल्यावर तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडची कात धरते आणि ती कात आंतल्या धातूचें रक्षण करते. ही तार स्वतः सुमारें १२०० अंशांपर्यंत तापूं शकते. दुसरी जात लोह, क्रोमियम आणि अॅल्युमिनियम यांची. कॅन्थल हें तिचें प्रसिद्ध नांव. तिच्या अंगावर अॅल्युमिनाची कात धरते आणि तिची उत्तम प्रत १४०० अंशांपर्यंत चालते. हे आंकडे तारेचे आहेत, भट्टीचे नव्हेत. तार ही नेहमीं भट्टीपेक्षां अधिक तप्त असते. म्हणून भट्टीचा ताप तारेच्या मर्यादेहून निदान शंभर अंशांनीं खालीं धरावा.

दोन तारांचा स्वभाव निराळा. कॅन्थल अधिक ताप सोसते, पण तप्त असतां मऊ असते व स्वतःच्या वजनानें लोंबते. तिला विटेच्या खोबणींत सर्वत्र आधार लागतो. एकदां प्रखर तापल्यावर ती थंडपणीं ठिसूळ होते, म्हणून दुरुस्तींत तिला वांकवूं पाहणारा तिला मोडून बसतो. निक्रोम मर्यादित ताप सोसते, पण तापल्यावरही ती आकार धरून राहते आणि थंडपणीं लवचिक असते. हिचा वैरी म्हणजे गंधक. गंधक आणि निकल यांचें मिश्रण सुमारें ६४० अंशांवरच वितळतें. गंधकयुक्त तेल लागलेला माल किंवा गंधक असलेल्या इंधनाचा वायु भट्टींत गेला, तर बाराशें अंशांची तार सातशें अंशांच्या आंत कुजते. कॅन्थलचाही एक वैरी आहे. ज्या विटेंत लोहाचा अंश अधिक आहे, त्या विटेच्या खोबणींत ती अॅल्युमिनाची कात गमावते. म्हणून तिला निदान शेंकडा ४५ भाग अॅल्युमिना आणि अत्यल्प लोह असलेली, अथवा सिलिमनाइटची, वीट द्यावी लागते. तार महाग घ्यावयाची आणि खोबणीची वीट स्वस्त घ्यावयाची, यांत काटकसर नाहीं.

हायस्पीड पोलादासाठीं याहून वर जावयाचें तर सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या लावतात. त्या १४०० अंशांच्या भट्टीलाही पुरतात. वयाबरोबर त्यांचा विद्युत्-रोध वाढत जातो, म्हणून जुन्या कांड्यांत एकच नवी मिसळल्यास भार विषम होतो. बदलावयाच्या तर संचानें बदलाव्यात. त्याच्याही वर मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन यांच्या संयुगाच्या कांड्या आहेत. त्यांच्यावर कांचेसारखी सिलिकाची कात धरते.

संगतीचा सर्वांत नवलाईचा दाखला निर्वात भट्टींत दिसतो. मॉलिब्डेनम हा धातु २६०० अंशांच्या वर वितळतो आणि ग्राफाइट तर तीन हजार अंशांतही वितळत नाहीं. हवा काढून टाकलेल्या भट्टींत हे दोघे उत्तम सेवा करतात व त्यांतील पोलाद खपलीवांचून चकचकीत बाहेर येतें. पण त्याच भट्टींत तप्तावस्थेंत हवा शिरली, तर ग्राफाइट कोळशासारखें जळूं लागतें आणि मॉलिब्डेनमचा ऑक्साइड सातशें-आठशें अंशांवर धुरासारखा उडूं लागतो. ज्यांच्यापुढें अग्नि हात टेकतो, ते साध्या हवेपुढें हात टेकतात.

भट्टींत माल ठेवण्याचीं तबकें व जाळ्या यांना मात्र धातूच लागतो. साधें लोखंड साडेपांचशें अंशांच्या पुढें वेगानें खपलीत जातें. तेथें पंचवीस भाग क्रोमियम आणि वीस भाग निकल असलेलें उष्णतासह पोलाद घेतात. तें हवेंत सुमारें अकराशें अंशांपर्यंत खपली धरूं देत नाहीं. परंतु खपली न धरणें म्हणजे भार सोसणें नव्हे. हजार अंशांवर हें पोलाद आपल्या थंड बळाचा अगदीं अल्प अंश राखतें आणि तप्तावस्थेंत भाराखालीं हळूहळू ताणत जातें. म्हणून तबक आंखूड करावें, आधार जवळजवळ द्यावेत, आणि तें वारंवार उलटें करावें, म्हणजे एके दिशेला आलेला बांक दुसऱ्या दिशेनें निघतो. शिवाय तबकहि माल असेल तितक्या वेळां तेलांत बुडतें. जाड, कोंदट बांधणीचें तबक या धक्क्यानें तडकतें, सुटसुटीत बांधणीचें टिकतें.

ताप मोजण्याचें साधनही संगतीच्या नियमांतून सुटत नाहीं. गांवचा लोहार रंगावरून ताप ओळखतो, आणि सवयीच्या डोळ्याला सावलींत तें साधतेंही. पण दुपारच्या उजेडांत पन्नास अंशांची चूक सहज होते, आणि पन्नास अंशांत फाळाचा दाणा मोठा होऊन तो ठिसूळ बनतो. क्रोमेल व अॅल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारांची जोडी सुमारें १२०० अंशांपर्यंत पुरते. त्यावर प्लॅटिनम व ऱ्होडियम यांची जोडी लागते. ही पद्धति १८८६ च्या सुमारास ल शातलिए यांनीं शास्त्रशुद्ध पायावर आणली. परंतु प्लॅटिनमसारखा राजधातूही विटेंतून निघणाऱ्या सिलिकॉनच्या आणि धातूंच्या वाफांनीं विटाळतो व खोटी साक्ष देऊं लागतो. म्हणून त्याला शुद्ध अॅल्युमिनाच्या नळींतच ठेवावें लागतें.

आतां देवणीसारख्या गांवीं फाळ, कुऱ्हाडी आणि पातीं यांना पाणी देण्यासाठीं भट्टी बांधणाऱ्यानें काय करावें? त्याला ९०० अंशांहून अधिक ताप नित्य लागत नाहीं. त्यानें १२६० अंशांच्या प्रतीची हलकी वीट आंत लावावी, बाहेर उष्णतारोधक थर द्यावा, खोबणीसाठीं मात्र उच्च अॅल्युमिनाची वीट घ्यावी. तळाला सिलिकॉन कार्बाइडची लादी घालावी. तार कॅन्थलची घ्यावी आणि ती जाड घ्यावी. जाड तारेची कात दीर्घकाळ पुरते. ताप मोजण्याच्या दोन जोड्या बसवाव्यात, एक नियंत्रणास आणि दुसरी पहिलीवर नजर ठेवण्यास. दार उघडतांच वीज तुटेल अशी व्यवस्था करावी, कारण तार उघडी असते आणि हातांत लोखंडी सांडस असते. भट्टीचें कवच जमिनीशीं जोडलेलें असावें. तेलकट माल पुसल्याशिवाय आंत घालूं नये. याच भट्टींतून कधीं तरी हायस्पीड पोलादही काढूं, हा लोभ धरूं नये. ज्याला क्वचित् तें काम येतें, त्यानें तें पुणें-कोल्हापूरकडील मोठ्या भट्टींत पाठवावें. साडेबाराशें अंशांची भट्टी बांधून तीत साडेआठशें अंशांचें काम करणें हा व्याजाचा भुर्दंड आहे. नऊशें अंशांच्या भट्टींतून साडेबाराशें अंश ओढणें हा तर सरळ नाश आहे.

विक्रेत्याकडे जातांना "सर्वांत चांगली वीट द्या" असें म्हणूं नये. सर्वांत चांगली वीट अशी वस्तु जगांत नाहीं. आपली भट्टी किती तापणार, दिवसाला किती वेळां निवणार, तिच्यावर वजन किती येणार, आणि तींत कोणता वायु व कोणता माल असणार, हें एका कागदावर लिहून न्यावें. विटेंत अॅल्युमिना किती व लोह किती, याचा लेखी दाखला मागावा. एवढें ज्याला सांगतां येतें, त्याला माल पारखतां येतो आणि त्याला फसविणें कठीण जातें. कोनासमुद्रमच्या कारागिरांजवळ असा कागद नव्हता. पिढ्यान् पिढ्यांची सवय हाच त्यांचा दाखला होता, आणि धंदा मावळतांच तो दाखलाही बरोबर गेला. आजच्या कारागिराचें ज्ञान कागदावर राहिलें, तर त्याच्या भट्टीबरोबर तें विझणार नाहीं. त्याच्या पुढच्या पिढीला पहिल्या विटेपासून पुन्हा आरंभ करावा लागणार नाहीं.